जागलीचा दिवा आणि तेरा फोटो

मार्गशीर्ष अमावास्या, शनिवार. ठिकाण पोंभुर्णा तालुक्यातल्या एका गावाबाहेरचा मामा तलाव, म्हणजे जुना मालगुजारी तलाव. हजर माणसं चार: मी, माझा साळा विनोद, तलावावर मासे धरणारे मारोतीभाऊ आणि त्यांची बायको शेवंताबाई. त्या रात्री कोणी कोणाला एक रुपयाही दिला-घेतला नाही. हे आधीच लिहून ठेवतो, कारण पुढचं सगळं देणं त्यातूनच निघालं.

भूतखेत, चकवा यांवर माझा विश्वास नव्हता, अजूनही नाही. वय बावन्न. सिमेंट कारखान्याच्या हिशोब विभागात सत्तावीस वर्षं काढली. जे मोजता येत नाही त्याच्या वाट्याला मी जात नाही. आकाशाचे फोटो काढायचा नाद लागला तोही त्यामुळेच… तिथे सगळं मोजून होतं.

माझी दुर्बीण लहान आहे, ऐंशी मिलिमीटरची, जुनी घेतलेली. मृगाच्या पोटातल्या बाणाचे जे तीन तारे, त्यातल्या एकाजवळ घोड्याच्या डोक्यासारखा एक काळा ढग आहे. तो डोळ्यांना दिसत नाही. कॅमेरा दोन-दोन मिनिटं उघडा ठेवून साठ-सत्तर फोटो काढायचे आणि कॉम्प्युटरवर एकावर एक रचायचे, तेव्हा कुठे तो उमटतो. मला तो हवा होता. पण आधीच्या तीन अमावास्या वाया गेल्या होत्या. पहिल्या खेपेला केबल सैल निघाली, ताऱ्यांच्या रेघा आल्या. दुसऱ्या खेपेला भिंगावर दव बसलं. तिसऱ्या खेपेला ढग.

या वेळी सगळं जुळलं. तलावाच्या मागे थोडा उंच माळ आहे, तिथे दुर्बीण लावली. खाली पाण्यावर धुकं पसरलेलं, वर आकाश लख्ख. विनोद म्हणाला, "भाऊजी, इतक्या थंडीत न दिसणाऱ्या वस्तूचा फोटो काढाले काऊन आणलं मले?" आणि गाडीत जाऊन झोपला.

अडचण एकच राहिली. तलावाच्या पाळीवर, म्हणजे मातीच्या बांधावर, बांबूला एक जुना पिवळा बल्ब टांगलेला होता. त्याचा उजेड माझ्या प्रत्येक फोटोच्या डाव्या कोपऱ्यात उतरत होता. बटण पाळीखालच्या घरात. दारात शेकोटीपाशी शेवंताबाई बसल्या होत्या. दोन तास दिवा बंद कराल का, म्हणून मी विचारलं.

"जागलीचा दिवा होय, भाऊ. राहू द्या," त्या म्हणाल्या.

जागल म्हणजे शेताची रातची राखण, इथे वाढलेल्या माणसाला ते सांगावं लागत नाही. रानडुकरांपासून पीक राखायला लोक रात्रभर बसतात. पण धान कापून, चुरून, विकूनही झालं होतं. भोवती नुसती धसकटं. मग जागल कशाची? सवयीने लावत असतील, असा मी हिशोब केला. पुढे एक शब्दही विचारला नाही. विचारलं असतं तर तिथल्या तिथे कळलं असतं.

पावणेबाराला पाहिलं तर त्यांचा डोळा लागलेला. मी पाळीवर गेलो, बल्ब फिरवून काढला, रुमालात गुंडाळून जाकिटाच्या खिशात टाकला. बारा वाजून सात मिनिटांनी पहिला फोटो सुरू केला. दुर्बीण ज्या ताऱ्याचा माग धरून फिरते, त्या ताऱ्याकडे छोट्या पडद्यावर बघत बसलो. तारा जागचा हलला नाही. इतकं समाधान मला कित्येक वर्षांत झालं नव्हतं.

एक चाळीसच्या सुमारास खालून बोलण्याचा आवाज आला. टॉर्च घेऊन उतरलो. मारोतीभाऊ नखशिखांत ओले, दात वाजत होते. तलावात बुडालेल्या झाडांचे खुंट आहेत. घाटाकडे येणारी एकच वाट मोकळी आहे आणि धुक्यात ती फक्त पाळीवरच्या दिव्यावरून कळते. त्यांचा डोंगा एका खुंटावर चढून कलंडला होता. डोंगा कसाबसा सरळ केला, पण दिशा गेली. पाण्यातला माणूस घरी येईपर्यंत त्याच्या बायकोने दिवा लावून बसायचं, यालाच तिथे जागल म्हणतात. हे मला तेव्हा, तिथे उभं राहून कळलं.

"मंग दिवा दिसला," मारोतीभाऊ सांगत होते, "सरळ त्याच्याच अंगानं आलो. घाटाले लागलो अन् गेला."

"माहा डोळा लागला होता," शेवंताबाई म्हणाल्या. "माणूस येतवरी जळला बिचारा."

बल्ब माझ्या खिशात होता. मी म्हणालो, सैल झाला असेल, बघतो. टॉर्च विझवली, त्यांच्याकडे पाठ करून तो खिशातून काढला आणि लावला. पेटला. हाताला तो कोमट लागला होता. माझ्या अंगाची ऊब असेल. दोघांनीही माझे आभार मानले. सकाळी निघताना शेवंताबाईंनी पिशवीत दोन मरळ मासे घालून दिले. मी ते घेतले. घरी बायकोने रस्सा केला; मी पोट बिघडल्याचं सांगून उठलो.

रविवारी फोटो कॉम्प्युटरवर उघडले. एक ते तीस स्वच्छ. एकतिसाव्यापासून डाव्या कोपऱ्यात पिवळा उजेड, दिवा काढण्याआधीच्या चाचणी फोटोंत होता अगदी तसाच. त्रेचाळीसपर्यंत आहे. चव्वेचाळिसावा पुन्हा स्वच्छ. फाइलवरची वेळ एक बारा ते एक चाळीस.

मी स्वतःशी खूप भांडलो. गाडीचे दिवे? चावी गाडीत झोपलेल्या विनोदच्या अंगाखाली होती, आणि गाडी उजवीकडे होती. चंद्र? अमावास्या. मोबाइल? त्याचा उजेड पांढरा. गावातला दुसरा दिवा? पुढे जाऊन पाहिलं, त्या बाजूला खांबच नाही. शिवाय मी स्वतः दुर्बिणीशेजारी बसलो होतो, पाळीकडे पाठ करून… त्या अठ्ठावीस मिनिटांत एकदाही वळून पाहिलं नाही. पडद्यावरचा तारा सोडून मी कशाकडेच बघत नव्हतो. ही गोष्ट मला फोटोंपेक्षा जास्त टोचते.

महिनाभर झोप नीट नव्हती. पौष अमावास्येला एकटाच गेलो. पाकिटात पाच हजार ठेवले होते. दोघांना समोर बसवून, काहीही न लपवता सांगितलं. लॅपटॉपवर ते तेरा फोटो दाखवले. मारोतीभाऊंनी कोपऱ्यावर बोट ठेवलं. "हाच होय. मंग हा कोणं लावला जी?"

मला माहीत नाही, म्हणालो.

शेवंताबाईंनी फोटोंकडे पाहिलंच नाही. चुलीतली लाकडं आत सारली. मग म्हणाल्या, "कोणं लावला ते मले नाई पाह्याचं. तुम्हाले नाई म्हटलं होतं मी."

मी पाकीट पुढे केलं, ते त्यांनी दोन बोटांनी माझ्याकडे सरकवलं. मारोतीभाऊ जाळं खांद्यावर घेऊन उठले, तेव्हा त्या मला म्हणाल्या, "ते जाऊन राह्यले पाण्यात. आज तुम्ही बसा." आणि आत जाऊन दार लोटून घेतलं.

मी बसलो. दुर्बीण गाडीतच राहिली. बल्बच्या उजेडात वरचा एकही तारा दिसेना. तासातासाला बल्ब नीट बसलाय ना, हात लावून बघत होतो. विचित्र असं काहीही घडलं नाही. त्या तेरा फोटोंचा उलगडा आजही झालेला नाही. जाणत्या मंडळींना पाठवले, त्यांनाही झाला नाही. पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी डोंगा घाटाला लागला. मारोतीभाऊंनी माझ्याकडे पाहून मान हलवली. आतून कडी वाजली आणि शेवंताबाईंनी बटण दाबून दिवा बंद केला.

पाच हजार तसेच परत आणले. दिली ती एक अमावास्या, रात्री नऊ ते पहाटे चार दहा, शेवंताबाईंना. त्याहून जास्त त्यांनी घेतलं नाही.