गप्प झालेलं इंजिन

आमच्या घरात एकच ट्रक होता आणि तो माझ्या लग्नापेक्षा जुना होता. थोरल्या दिरांनी आणि ह्यांनी मिळून घेतलेला. उस्मानपुऱ्यातल्या घरापुढं मोकळी जागा होती, तिथं तो उभा असायचा, अगदी माझ्या खिडकीखाली. चालवायला एक चाचा होते, माझ्या सासऱ्यांच्या वयाचे. वाळूजच्या कारखान्यांचा माल घेऊन पहाटे निघायचे, चाळीसगावला उतरवायचे आणि तिकडून भरून परत यायचे.

त्या हिवाळ्यात गाडीचा आवाज एकदम कमी झाला. एरवी ती सुरू झाली की टक टक टक टक करून गल्ली उठवायची. आता नुसती गुरगुरायची. दीर खूश. चांगलं ऑइल टाकल्याचं श्रेय त्यांनी स्वतःकडं घेऊन टाकलं. पण थोड्याच दिवसांत गाडी सकाळी लवकर सुरू होईना, धूर ओकायला लागली आणि कन्नडच्या घाटात भरलेली असली की चढता चढता जीव टाकायची. मग दिरांनी ठरवलं की चाचा वाटेत चोरून जास्तीचा माल भरतात आणि म्हणून इंजिन बसलं. दिरांच्या डोक्यात एकदा संशय शिरला की त्यांना जेवणही गोड लागत नसे. "मिस्त्रीनं ओव्हरलोड म्हटलं की चावी काढून घेतो," ते म्हणाले. हे आपले नेहमीप्रमाणे दोन्ही बाजूंना मान हलवत होते.

शहागंजातला मिस्त्री घरीच आला. मी ओसरीवर चहा घेऊन उभी होते. त्यानं इंजिन सुरू ठेवून डिझेलच्या नळ्यांचे नट एकेक करून ढिले केले. पहिला ढिला केला की इंजिन अडखळायचं, आवळला की सावरायचं. दुसरा, तिसरा, तसंच. चौथ्याला मात्र काही फरकच पडला नाही.

"ह्यो सिलिंडर फुकट खातोय," मिस्त्री म्हणाला.

मग इंजिन बंद करून त्यानं ते हातानं फिरवलं आणि दिरांना सायलेन्सरपाशी कान न्यायला सांगितलं. आतून श्श असा वारा येत होता. "वॉल जळालाय, धूर सोडायची झडप. मिटतच नाय." त्यानं वरचं झाकण उघडलं आणि एक पातळ पत्ती वॉल दाबणाऱ्या टॅपेटखाली घालून बघितली. ती कुठंच शिरेना.

"वॉल तापला की लांबतो," तो म्हणाला, "म्हणून इथं जराशी फट लागती. फट असली की टॅपेट वाजतं. झिजून एखाद्याची फट जाती, व्हय. पण हे तर सगळेच आवळलेत. कुणी हात लावला?"

"मी," चाचा म्हणाले.

"का?" दिरांनी विचारलं. चाचांनी मान खाली घालून खिशातून चावी काढली. दिरांनी हात पुढं केला, चावीसाठी. "इतकी वर्षं गाडी चालवता आणि तुम्हाला कळत नाही?"

"कळतं, मालक. थोडं आवळलं तर चालंल वाटलं." एवढं बोलून त्यांनी मान उचलली, माझ्या खिडकीकडं पाहिलं आणि लगेच नजर वळवली. "आवाज लई व्हता. पहाटं. घरात... तब्येत बरी नव्हती ना."

दिवाळीनंतर माझं बाळ गेलं होतं, नाव ठेवायच्याही आधी. त्यानंतर माझ्या खोलीत रात्रभर दिवा असायचा आणि पहाटे गाडी काढायला आलेल्या चाचांना तो दिसत असणार. घरात त्या विषयावर कुणी चकार शब्द काढत नव्हतं. सगळे माझ्याशी फार जपून वागायचे, त्याचा मला कधी कधी रागही यायचा. आणि हा माणूस चोरीचा आळ घेऊन उभा होता, पण चारचौघांत माझं दुःख उघडं करायला तयार नव्हता.

दिरांसमोर मी कधी मोठ्यानं बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले.

"चाचा, मी गाडीमुळं जागी नसायचे हो. उलट मी तुमच्या गाडीची वाट बघायचे. टक टक ऐकू आली की वाटायचं, संपली बाई एकदाची रात्र. आवाज गेला तेव्हापासून मला उजाडलेलंच कळत नाही."

बोलता बोलता मला रडू फुटलं. बाळ गेल्यापासून पहिल्यांदाच, सगळ्यांसमोर, अगदी हमसून. चाचांनी खांद्यावरचा रुमाल तोंडाला लावला. हे उठून माझ्याजवळ आले. दिरांचा पुढं केलेला हात बराच वेळ तसाच होता, मग त्यांनी तो खिशात घातला.

"चावी राहू द्या तुमच्याकडंच," ते चाचांना म्हणाले.

मिस्त्रीला यातलं काही ठाऊक नव्हतं. तो पत्ती पुसत अवघडून उभा होता. "मालक, नवे वॉल टाकून बरोबर फट ठेवली की आवाज येणार बगा पुन्हा. घरापुढंच गाडी उभी असती तुमची. चालंल का?"

दिरांनी माझ्याकडं पाहिलं.

"येऊ दे," ते म्हणाले.