हवेत एक फेरी

आमच्या नाटक कंपनीत तिला सगळे कातरी म्हणत. कपडेपट तिच्या ताब्यात होता आणि जीभ हातातल्या कात्रीइतकीच धारदार. मी राणीच्या वेषात विंगेत उभी असताना तिने मला सुनावलेलं आहे, "मावशी, पोट आत घ्या, नाहीतर राज्य जाईल." मी पोट आत घेतलं. राज्य राहिलं.

पुढे कंपनी बंद पडली. माझं वय झालंच होतं, घरी बसायला निमित्त मिळालं. कातरी मात्र बेचाळिशीची. तिच्या थोरल्या भावाचं तयार कपड्यांचं दुकान होतं. त्याने जिन्याखाली एक स्टूल टाकून ठेवलं. "पँटी आखूड करायला येत जा. घरचंच आहे." घरचंच म्हणजे काय ते तिला पक्कं ठाऊक होतं. वहिनी रोज चहा देणार आणि रोज तो दिल्याचं ऐकवणार.

तिने सरळ तंत्रशाळेत जाऊन सीएनसी मशीनच्या वर्गात नाव नोंदवलं. मला म्हणाली, "संगणकाला सांगून धातू कापायचा, मावशी. कापड काय, पोलाद काय, माप चुकलं की दोन्ही वाया."

भाऊ म्हणाला, "तिथं अठरा-अठरा वर्षांची पोरं असतात."

"असू देत की. मी काही दत्तक घ्यायला चाललेली नाही."

मशीनला डोळे नसतात, हे मी तिच्याकडून शिकले. कोणतं टूल, म्हणजे कापायचं हत्यार, किती लांब, ते माणसाने मोजून त्याला सांगायचं. चुकीचं सांगितलं तर ते चुकीच्या जागीही तितक्याच इमानाने जातं. तिसऱ्या महिन्यात नेमकं तेच झालं. आधीच्या तुकडीने टूल बदललं होतं, मशीनमध्ये माप जुनंच राहिलं होतं. कातरी म्हणाली, "एकदा मोजून बघते." मास्तरांना घाई होती. "अहो बाई, मुहूर्त बघताय का? दाबा बटण!" तिने दाबलं. टूल जॉब, म्हणजे कापायचा धातू, सोडून थेट खालच्या पोलादी शिकंज्यात घुसलं, मोडलं, आणि तुकडा मशीनच्या दाराच्या काचेवर येऊन आदळला.

मास्तर सगळ्यांसमोर म्हणाले, "शिवणयंत्र नाही हे."

"शिवणयंत्रावर माझ्याकडून असं कधी झालं नाही, मास्तर. तिथं दुसऱ्याच्या सांगण्यावरून मी पाय दाबत नाही."

त्या दिवसापासून तिने स्वतःचा नियम केला. कापायला लागण्याआधी, मशीन जिथून मोजायला सुरुवात करतं ती शून्याची खूण वीतभर वर उचलायची आणि अख्खा प्रोग्राम एकदा हवेत चालवून बघायचा. टूल जॉबच्या वर नुसतं फिरतं, कशाला शिवत नाही. वाट बरोबर आहे की नाही ते डोळ्यांना कळतं. मी म्हटलं, "ही तर तालीम!" तिने मान हलवली. "कच्चा टाका म्हणा."

वर्षाखेरीची परीक्षा दोन तासांची होती. तळहाताएवढी ॲल्युमिनियमची पट्टी, तिच्यात एक खाच आणि सहा भोकं. हवेतल्या फेरीत अकरा मिनिटं गेली आणि वेळ संपली तेव्हा दोन भोकं राहिली. नापास. तीन महिन्यांनी दुसरी संधी, ती शेवटची. पलीकडच्या गल्लीतल्या कारखान्याच्या मालकीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, दाखला आणलास तर जागा तुझी, नाहीतर मशीनला हात नाही. आणि जिन्याखालचं स्टूल काही कुठे पळून गेलेलं नव्हतं.

मास्तर तसे वाईट नव्हते. तिला बाजूला घेऊन म्हणाले, "परीक्षेचं मशीन मी स्वतः तपासतो. ती फेरी सोडा, हसत पास व्हाल."

"तेव्हा 'दाबा' म्हणणारेही तुम्हीच होतात."



भाऊ म्हणाला, "अकरा मिनिटांच्या हट्टापायी वर्ष घालवणार?" खोटं कशाला बोलू, मीही तेच म्हटलं. "एवढ्या एका दिवसापुरती सोड गं."

तिने माझ्याकडे रोखून बघितलं. "तुम्ही तालमीशिवाय कधी उभ्या राहिलात?"

"एकदाच. दुसरी नटी आजारी पडली म्हणून."

"मग?"

"दुसऱ्या अंकात पहिल्या अंकाची वाक्यं बोलले."

"मग गप्प बसा."

मी गप्प बसले आणि हातात घड्याळ घेतलं. तीन महिने माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर लाकडाचा ठोकळा, पाना, कानस आणि मोजायचा व्हर्निअर मांडून ती सराव करत होती. ठोकळा बसवायचा, आवळायचा, पुसायचा, मोजायचा, कडा घासायच्या. पाना शोधण्यात जाणारा वेळ वाचला, दोनदा पुसण्यातला वाचला. ती अकरा मिनिटं तिने बाकीच्या कामांतून एकेक टाका उसवावा तशी काढली.

दुसऱ्या परीक्षेला मी वर्गाच्या काचेबाहेरच्या बाकावर बसले होते. परीक्षक बाहेरून आलेले. कातरीने टूलं मोजली, शून्य वर उचललं, आणि टूल हवेत फिरू लागलं. मागची पोरं खुसखुसली.

परीक्षक म्हणाले, "बाई, काही कापलं जात नाहीये."

"दिसतंय मला."

"वेळ जातोय तुमचा."

"माझाच आहे ना? जाऊ द्या."

आता काहीतरी चूक सापडेल आणि सगळ्यांची तोंडं बंद होतील, अशी माझी नाटकी आशा होती. काहीही सापडलं नाही. मास्तरांनी मशीन चोख ठेवलं होतं. तिने शांतपणे शून्य खाली घेतलं आणि हिरवं बटण दाबलं. वेळ संपायला तीन मिनिटं असताना पट्टी परीक्षकांच्या हातात होती. त्यांनी मोजली, उलटून पुन्हा मोजली, आणि पास लिहिलं. खाली शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'अनावश्यक वेळ घालवते.' सहीसाठी कागद तिच्यापुढे सरकवला.

तिने शेरा वाचला. पेन घेतलं आणि सहीच्या वर आपल्या ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'यापुढेही घालवीन.'

"अहो, हे काय? कागद खराब केलात!"

"खराब कशाला? तुमचंही खरं, माझंही खरं."

तोच कागद दुसऱ्या दिवशी तिने मालकीणबाईंपुढे ठेवला. त्यांनी चष्मा वर करून वाचला. "आमच्याकडे घाई असते."

"मग दुसरं कुणीतरी बघा."

मालकीणबाईंनी कागदाची घडी घातली आणि खणात टाकली. "सोमवारी ये. तीन नंबरचं मशीन घे. त्याची टूलं कित्येक दिवसांत कुणी मोजलेली नाहीत."