धुवायचं तेल, भरायचं तेल

मिस्त्री, हे पत्र तुमची मुलगी तुम्हाला वाचून दाखवेल. तिला आधीच सांगते, मधले शब्द गाळायचे नाहीत. मला तुमची किळस यायची. ते मी तुमच्या तोंडावर सांगत आले, आता कागदावर कशाला लपवू?

तुमच्या गॅरेजची तर यायचीच. आत पाऊल टाकलं की चप्पल जमिनीला चिकटायची. भिंतीवर कमरेपासून खांद्यापर्यंत काळा पट्टा, कारण हात पुसायला भिंत. पाण्याच्या पेल्यावर पाचही बोटांचे ठसे. चिंध्या अशा कडक की उभ्या केल्या तर उभ्या राहाव्यात. आणि फळीवर ओळीने सहा डबे, सगळे एकसारखे, एकावरही अक्षर नाही.

मी तीस वर्षं कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं. चिठ्ठी नसलेली बाटली दिसली की ती मी तिथल्या तिथे ओतून द्यायला लावायची. पण तुमच्या डब्यांपुढे माझी शिस्त गप्प बसली, कारण तुमची बोटं. अंगठ्यावर तेलाचा थेंब घ्यायचा, तर्जनीने दोनदा चोळायचा, बोटं हळूहळू लांब करायची आणि मध्ये किती तार धरते ते बोटांनाच कळायचं. हे चाळीस नंबर, जाड, इंजिनात भरायचं, हे गिअरचं, हे पातळ, नुसतं इंजिन धुवायचं. चाळीस वर्षांत एकदाही चुकला नाहीत.

माझ्या वडिलांची गाडी माझ्याहून बारा वर्षांनी धाकटी, म्हणजे तीही म्हातारीच. तिच्या इंजिनाची बेअरिंग आता कुठेही बनत नाहीत. एकदा गेली की गाडी गेली. म्हणून तिच्या तेलावरून माझ्या इंजिनियर भाच्याचं आणि तुमचं वाजलं. तो चकचकीत डब्यातलं नव्या गाड्यांचं महाग तेल घेऊन आला होता. तुमचं म्हणणं, ते पातळ तेल जुन्या सीलांमधून गळेल, वर तळाला बसलेला गाळ सोडवून तो नळ्यांत नेऊन अडकवेल. हिला जाड आणि साधंच हवं. भाचा मला म्हणाला, मावशी, हा माणूस बोटं चोळून तेल ठरवतो, हात बघून भविष्यही सांगतो का? तुम्ही मान वर न करता म्हणालात, "साहेब, ते तुमच्या गाडीला घाला. ती तरुण आहे, तिला पचेल." मी हसले. डबा आला तसा परत गेला.

मग दोन वर्षांपूर्वी तुम्ही ते घाणेरडं सुरू केलंत. बोटं चोळायची आणि मग बोट जिभेवर. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी तोंड फिरवलं. गिऱ्हाइकांना कौतुक! मिस्त्री चाखून नंबर सांगतो म्हणे. फोन काढून तुमच्या काळ्या जिभेचे फोटो घेणारी ती माणसं मला तुमच्याहून ओंगळ वाटली. शेवटी एकदा मी सगळ्यांदेखत सुनावलं की माझ्यासमोर हे चाटणं चालणार नाही. पुन्हा दिसलं तर गाडी दुसरीकडे नेईन. तुम्ही बोट पँटला पुसलंत. "बरं बाई," एवढंच.

त्यानंतर माझ्या गाडीचं तेल बदलायचं आलं. मी दारातच पहाऱ्याला उभी. तुम्ही जुनं तेल काढलंत, धुवायचं पातळ तेल घालून इंजिन पाच मिनिटं चालवलंत, तेही काढलंत. आता भरायचं जाड तेल. फळीवरून डबा घेतलात, थेंब चोळलात. एकदा, दोनदा, तीनदा. माझ्याकडे बघितलंत. बोट तोंडाच्या दिशेने निघालं आणि अर्ध्या वाटेवरून खाली आलं. मला वाटलं, चला, सुधारला. थंडीची सकाळ, पातळ तेलसुद्धा जाड धार धरेल अशी. तुम्ही डबा इंजिनात उपडा केलात.

चौथ्या दिवशी चढावर तेलाच्या दाबाचा काटा झोपला आणि आतून हातोडी आपटल्यासारखा ठोका सुरू झाला. बेअरिंग खलास. भाच्याने दोर बांधून गाडी ओढून आणली, तेल काढलं आणि विचारलं, "मावशी, हे तेल आहे की पाणी?"

मी तरातरा तुमच्याकडे आले. तुम्ही म्हणालात, भेसळ आहे, दुकानदाराने फसवलं. चाळीस वर्षांत मला तुमच्या तोंडून ऐकू आलेलं ते पहिलं खोटं, आणि त्याची किळस त्या चाटण्याहून जास्त होती. बोलता बोलता तुम्ही नुकत्याच येऊन थांबलेल्या गाडीच्या सायलेन्सरवर हात टेकलात. आधी मला वास आला. कातडं जळत होतं आणि तुम्ही दुकानदाराला शिव्या घालत होतात. मी तुमचं मनगट धरून हात ओढला.

"कधीपासून?" मी विचारलं.

"दोन वर्षं होतील. साखर आहे. बोटांना काही कळत नाही, बाई. जिभेला कळत होतं."

मी त्या तेलकट स्टुलावर बसले, साडीचा विचार न करता. चाळीस वर्षं ज्याला चाखायची गरज पडली नाही तो एकाएकी का चाखायला लागला, हा प्रश्न माझ्या पहिल्या वर्षाच्या मुलींनीही विचारला असता. मी नुसती शी म्हणाले. पण म्हणून तुम्ही सुटत नाही, मिस्त्री. तोंड होतं ना? तेल चाटायला होतं, बोलायला नव्हतं?

तुम्ही जळलेला हात मागे लपवून म्हणालात, बाई, तुमचं अक्षर मोत्यासारखं आहे, डब्यांवर लिहून द्याल का? ठळक लिहा, जोडाक्षरं नकोत. भरायचं. धुवायचं. एवढंच. मी म्हटलं, रंग आणते, रविवारी येते.

पांढरा रंग त्याच संध्याकाळी आणला, झाकण उघडून पाहिला. पहिल्या रविवारी आले नाही, कारण राग उतरला नव्हता. दुसऱ्या रविवारी, खरं सांगते, काहीच कारण नव्हतं. तिसऱ्या रविवारी आले तर दाराला कुलूप. हात चिघळला, बोटं काढावी लागली, मुलगी तुम्हाला तिच्या घरी घेऊन गेली, असं शेजारच्या पंक्चरवाल्याने सांगितलं. मी खिडकीच्या फटीतून पाहिलं. सहाही डबे फळीवर आहेत, कोरे. इथे माझ्या घरी डब्यातल्या रंगावर जाड साय धरली आहे, आणि ब्रश अजून कागदातच आहे.