बारा दिवस अडवलेला निरोप

त्या हिवाळ्यात नंदुरबारच्या आमच्या फुटबॉल संघातले आम्ही दोघं गुडघा बांधून घरी बसलो होतो. मी मामलेदार कचेरीत कारकून. तो मशिदीमागच्या गल्लीत पत्र्याचे डबे बनवणाऱ्याचा मुलगा, आणि आमचा सगळ्यांत वेगवान गडी. उडी मारताना माझ्या वाटीखालची शीर तटकन तुटली, तेव्हा मला उचलून घरी आणणाऱ्यांत तोच पुढे होता. पंधरा दिवसांनी त्याच मैदानात त्याचीही तीच शीर गेली. खरं सांगतो, सोबत मिळाली म्हणून मला बरं वाटलं.

खांडबाऱ्याचा एक म्हातारा हाडवैद्य आम्हा दोघांना बघायचा. आंबेहळदीचा लेप, वरून बांबूच्या कामट्या, आणि पाय वाकवायचा नाही. लेप बदलताना कामट्या सोडल्या की आपला पाय आपणच सरळच्या सरळ उचलून बघायचा. उचलला तर शीर जुळली. मी घाम फुटेपर्यंत जोर लावायचो, टाच गादीवरून हलत नसे. महिन्याभरात त्यानं मात्र माझ्यासमोर पाय वीतभर उचलला. त्याच्या आईनं आनंदानं माझ्या हातात शेवयांची वाटी दिली. मी ती तशीच खाली ठेवली.

पुढच्या खेपेला त्याला ताप होता. मी एकटाच कुबडी घेऊन गाडीनं खांडबाऱ्याला गेलो. वैद्यबाबांनी त्याची चौकशी केली. तो पाय उचलतो, हे मी सांगितलं.

"मंग त्याले सांगजो, कामट्या काढी टाक. रोज थोडा थोडा पाय वाकाड. उशीर करशी तं गुडघा आखडी जाई."

"अन् मन्हा?"

"तुन्हा बांधेलच ऱ्हाऊ दे."

परत आल्यावर स्टेशनवरून मी मुद्दाम दुसऱ्या गल्लीनं घरी गेलो. चौथ्या दिवशी त्यानं भावाला विचारायला पाठवलं. "आहे तसंच राहू दे म्हणाले," मी सांगितलं. त्यानं माझ्याआधी मैदानात उतरू नये, एवढंच मला हवं होतं.

बाराव्या दिवशी मात्र राहवेना. गेलो, तर तो पाय लांब करून कात्रीनं पत्रा कापत बसला होता.

"कामट्या काढ म्हणे," मी म्हणालो.

"कधी सांगं बाबानी?"

"काल त्यासना माणूस उना व्हता," निरोप घेऊन कुणी आल्याचं मी खोटंच सांगितलं.

त्यानं विश्वास ठेवला. कामट्या मीच सोडल्या. गुडघा लाकडासारखा झाला होता. वाकवताना त्यानं माझा खांदा घट्ट धरला आणि म्हणाला, "तू शे म्हणून बरं."

पुढच्या वर्षी तो पुन्हा खेळला. माझी शीर कधी नीट जुळलीच नाही. पण त्याचा गुडघा पुरता मिटत नसे. नमाजाला बसताना तो पाय बाजूला लांब सोडायचा. हे त्या बारा दिवसांमुळे की मूळच्या दुखण्यामुळे, ते वैद्यबाबांना विचारायचं धाडस मला झालं नाही. त्यालाही मी काही सांगितलं नाही. तो चेंडू घेऊन सुटला की लोक उठून उभे राहायचे, आणि मी कडेला त्याच्या पायांकडे बघत असायचो. पश्चात्ताप होत होता, खोटं नाही. पण गोलपर्यंत पोचायच्या आत तो पडावा, असंही वाटायचं.