रूपालीच्या हातची खापरं

भडगावात गिरधर कुंभारांच्या, म्हणजे आबांच्या, खापराला मान होता. खापर म्हणजे चुलीवर पालथं घालायचं मातीचं मोठं भांडं. खान्देशात त्याच्यावर हातभर रुंद पुरणपोळी भाजतात. ऐन सणाला ते तडकलं तर सगळं पुरण मातीत. आबांचं खापर सहसा तडकत नसे. तरी आठवडे बाजारात बसून घर जेमतेम चालायचं.

धंदा वाढवला तो मुलीनं, रूपालीनं. बारावी झाल्यावर ती फोनवर ऑर्डरी घेऊ लागली. केळीच्या वाळल्या पाल्यात खापरं गुंडाळून पुण्याला, सुरतेला धाडू लागली. भाऊ ललित खोकी गाडीवर टाकून पाचोऱ्याला पोचवायचा.

एका वर्षी आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, तोंडावर आबांचा खांदा धरला. हात वर जाईना, आणि ऑर्डरी तर घेऊन ठेवलेल्या. बायांनी चाकाला हात लावायचा नाही, अशी घरातली रीत.

रूपाली म्हणाली, "आबा, मी करस. तुम्ही नुसतं दखा."

आबा बाजेवर बसून बघत राहिले. तिचं थापटणं एकसारखं पडत होतं. मातीत राखही तिनं आपल्या अंदाजानं थोडी कमी घातली. दीडशे खापरं झाली, एकाचीही तक्रार आली नाही. उलट एका जुन्या गिऱ्हाइकाचा फोन आला, "आबा, यंदाचं खापर तर हलकं आणि पक्कं!"

"हात बठेल शे मन्हा," जणू आपलाच हात बसलेला, असं आबा हसून म्हणाले. रूपाली शेजारीच खोकं बांधत होती. तिनं मान वर केली नाही.

पुढं दुकान झालं. पाटीवर लिहिलं, 'गिरधर आणि मुलगा'. रूपालीला धुळ्याचं स्थळ आलं. मुलगा चंदन बँकेत, वडील रुपचंद कोर्टातून निवृत्त झालेले. चाक सोडून त्यांच्या घराला दोन पिढ्या झालेल्या. बोलणी चालू असताना रुपचंदांनी सहज विचारलं, "मुलगीही हे मातीकाम करते का?"

आबांना वाटलं, हो म्हटलं तर मुलगी हलकी ठरेल. "छे! तिचा हात कधी मातीला लागला नाही," ते म्हणाले. आतल्या दारात रूपाली उभी होती.

लग्नानंतर तिनं धुळ्यात गच्चीवर छोटी भट्टी लावायचं काढलं, तेव्हा सासरे म्हणाले, "तुझे वडीलच म्हणाले, तुला येत नाही." विषय तिथंच मिटला.

इकडे आबांचा खांदा पुन्हा धड झालाच नाही. ललितनं केलेली खापरं चुलीवर फुटू लागली. शेवटी एक तडकलेलं खापर पिशवीत घालून आबा धुळ्याला गेले. रूपालीनं तुकडा बोटावर वाजवला.

"राख जास्त पडनी, आबा."

एवढं तिनं बघताक्षणी सांगितलं. आबांना राहवेना. ते रुपचंदांसमोर जाऊन बसले. "व्याही, मी खोटं बोललो होतो. माझ्या नावावर जी खापरं गाजली, ती हिची. माझ्यापेक्षा हिचा हात चांगला आहे. हिला करू द्या."

रुपचंद मनमोकळं हसले. "बापाला लेकीचं कौतुक असायचंच! घ्या, चहा घ्या."

आबा पुन्हा पुन्हा सांगत राहिले, तसतसं व्याह्यांना ते अधिकच गोड वाटत गेलं. निघताना रूपाली फाटकापर्यंत आली.

"आबा, हाई तव्हयच सांगाले पाह्यजे व्हतं," ती हळूच म्हणाली आणि घरात गेली, कारण कुकरची शिट्टी झाली होती.

ललित आता बाहेरून साच्यातली खापरं आणून विकतो. दुकान बरं चालतं. आबा गल्ल्याजवळच्या खुर्चीवर बसतात. कुणी जुन्या खापराची आठवण काढली, की ते म्हणतात, "ती मन्ही पोर करे, रूपाली." गिऱ्हाईक मान डोलावतं आणि नव्या खापराची किंमत विचारतं.