बर्फबाईंनी काढलेले मोजे

अतिदक्षता विभागात त्यांना सगळे बर्फबाई म्हणत, तोंडावरसुद्धा. बंद पडलेलं हृदय पुन्हा सुरू झालं, पण माणूस शुद्धीवर येईना, की त्याला या सिस्टरबाईंच्या ताब्यात देत. छातीला आणि मांड्यांना पट्ट्या गुंडाळायच्या, त्यांतून गार पाणी फिरवायचं, अंग तेहतीस अंशांवर आणून दिवसभर तिथेच धरून ठेवायचं. मेंदूला आणखी इजा होऊ नये म्हणून हा सगळा खटाटोप. बावीस वर्षं बाईंनी तो डोळ्यांत तेल घालून केला होता.

त्यांचा खरा सामना नातेवाइकांशी. गारठलेला आपला माणूस बघवत नाही, मग कुणी शाल पांघरतं, कुणी तळवे चोळतं. एका म्हातारीने तर कापरं भरलेल्या लेकाच्या पायांत स्वतः विणलेले लोकरीचे मोजे चढवले होते. बाईंनी ते ओढून काढले आणि तिला फैलावर घेतलं, "आम्ही इथे गार करायला मरतोय आणि तुम्ही शेकत बसलात?" म्हातारी मोजे मुठीत धरून बाहेर गेली. लेक काही उठला नाही.

आता त्याच खाटेवर बाईंचा नवरा होता. सकाळी दाढी करता करता कोसळला. हा माणूस मुळातच थंडीचा वैरी. भर उन्हाळ्यात मोजे घालून झोपायचा आणि बाई त्यावरून त्याची टर उडवायच्या. अंग गार होऊ लागलं तसं त्यालाही कापरं भरलं. कापरं भरलं की अंग तापतं आणि केलेलं सगळं पाण्यात जातं, हे बाईंना कुणी सांगायला नको होतं.

नव्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सिस्टर, यांच्या हातापायांना ऊब द्या. मोजे असतील तर चढवा. पाय उबदार राहिले की कापरं कमी होतं, आणि आतून अंग गारच राहतं."

"मोजे चालतात?"

"चालतात. उलट बरेच."

"एकाचे मी काढले होते हो. उठला नाही तो."

"मोज्यांनी कुणी उठत नाही, सिस्टर. तो तसाही उठला नसता. मनाला लावून घेऊ नका."

डॉक्टरीणबाई धीर द्यायला म्हणून बोलल्या, पण बाई त्या बोलण्यातच अडकल्या. मोज्यांनी काही होत नसेल, तर म्हातारीच्या लेकाचं पाप आपल्या माथी नाही. पण मग ह्यांच्या पायांत चढवूनही काय उपयोग?

सकाळी त्याच्या पायांतून काढलेले, टाचेला विरलेले मोजे बाईंच्या पिशवीत तसेच होते. एकेक बोट सरळ करत त्यांनी ते चढवले. थोड्या वेळाने कापरं ओसरलं. तो उठेल की नाही, हे परवापर्यंत कळणार नव्हतं.

बाई त्याचे पाय धरून बसल्या. मोज्यांनी फरक पडतो, असंच त्यांनी मनाशी ठरवलं. म्हातारीच्या लेकाला आपणच घालवलं, हेही मग त्यांना कबूल होतं.