वहिनींचा दुसरा आवाज

मार्चमध्ये एका सकाळी, जर्मनीत वाल्डॉर्फच्या ऑफिसात नुकताच पोचलो होतो तेव्हा दादाचा फोन आला. "अरे, सुधा गेली. झोपेतच…" एवढंच बोलून त्याने फोन ठेवला. मी गाडी काढली आणि त्यांच्या गावी, नेकारसुल्मला निघालो. वाटेत रेडिओ लावावासा वाटला नाही.

सुधावहिनी तिथल्या मोटारींच्या कारखान्यात इंजिनियर होत्या आणि सुट्टीच्या दिवशी गिटार घेऊन गायच्या. सांगलीत लहानपणी भावगीतं शिकलेल्या. इथे आल्यावर एका सहकाऱ्याने त्यांना अमेरिकेतल्या गावाकडच्या, कंट्री गाण्यांच्या कॅसेट दिल्या आणि ते सूर त्यांना आपलेसे वाटले. "बैलगाडीच्या चालीत बसतात रे," म्हणायच्या. मग स्वतःच गाणी लिहायला लागल्या, इंग्रजीत, अधूनमधून मराठीतही. आवाज गोड, स्वच्छ. आसपासच्या गावांतल्या वाइनफेस्टना, म्हणजे वाइनच्या जत्रांना, त्यांना आवर्जून बोलावणं यायचं. पहिली सीडी निघाली तेव्हा त्यांनी नोकरी अर्धवेळ करून घेतली.

त्यानंतर थोड्याच दिवसांत थायरॉइडचं ऑपरेशन झालं. शुद्धीवर आल्यावर त्यांनी पाणी मागितलं ते घोगऱ्या, फाटलेल्या आवाजात. सुधारेल, असं डॉक्टर म्हणाले होते. फारसा सुधारला नाही. वर्षभर त्यांनी गिटारला हात लावला नाही. फोन वाजला तरी दादाकडे बोट दाखवायच्या.

एका रविवारी मी जेवायला गेलो होतो. जेवणं झाल्यावर भांडी घासताना त्या काहीतरी गुणगुणत होत्या, खालच्या पट्टीत, ओढत ओढत. मी दारातच थांबलो.

"वहिनी, हे नवीन आहे?"

"जुनंच आहे. वरचे सूर लागत नाहीत, म्हणून खाली उतरवलंय." मग हात पुसत म्हणाल्या, "हा आवाज माझा नाहीच, असं वाटायचं. पण आल्झो… म्हणजे, आता आहे तो हाच."

त्या आवाजात त्या ब्लूज, म्हणजे संथ, दुखरी अमेरिकन गाणी, गायला लागल्या. पहिल्या कार्यक्रमाला जुने श्रोते आले होते. मध्यंतरात काही उठून गेले. वहिनींनी ते पाहिलं आणि पुढचं गाणं सुरू केलं. पुढे मोठ्या कार्यक्रमांची बोलावणी बंदच झाली, दुसरी सीडीही फारशी खपली नाही. पण छोट्या हॉलमध्ये दर शनिवारी येणारे लोक शेवटपर्यंत बसायचे. एकदा एक वयस्कर बाई नंतर नुसत्या त्यांचा हात धरून उभ्या राहिल्या. वहिनी परत येताना गाडीत एकदम खूश होत्या.

परवा शनिवारी दादाकडे गेलो. तो स्वयंपाकघरात आलं ठेचून कोमट पाण्याचा थर्मास भरत होता. गाताना वहिनींना ते घोटघोट लागायचं.

"कुठे निघालास?"

"कुठे नाही रे. शनिवार आहे ना…"

त्याने दोन कप काढले. आम्ही ते पाणी उभ्या उभ्याच प्यायलो. आलं जरा जास्त झालं होतं. वहिनींना तसंच आवडायचं.